किंमत कोणी मोजली? (गीता १८.६३ चं चिंतन)



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला, त्रेसष्टावा. सगळी गीता सांगून होत आली आहे. भगवंत अर्जुनाला म्हणतात की हे गुह्याहूनही गुह्य ज्ञान मी तुला सांगितलं, आता त्याचा नीट, पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर.

कॉलेजात असताना पहिल्यांदा अर्थासकट गीता वाचली, तेव्हा मी इथे अडकलो होतो. एवढं समजावलं, विश्वरूपसुद्धा दाखवलं, आणि शेवटी "तुझं तू ठरव"? सरळ आज्ञा करून टाकायची ना! पुढे तीन श्लोकांनी शरणागतीचं मोठं आश्वासन येतंच, पण त्याच्या आधी हा एक श्लोक निवडीसाठी मोकळा ठेवलाय. तो का, हे मला समजायला बरीच वर्षं लागली. आज त्याबद्दलच लिहितो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात गावी, भूमला गेलो होतो. माझा मामेभाऊ बारावीत आहे. त्याने नुकतीच "मृत्युंजय" संपवली होती. डोळे लाल, आवाज चढलेला. म्हणाला, "दादा, कर्णावर लई अन्याय झाला. त्याच्यासारखा माणूस पूर्ण महाभारतात न्हाई."

मी म्हणालो, "अन्याय झाला, शंभर टक्के खरं. पण अन्याय त्याच्यावर दुसऱ्यांनी केला. त्यात कर्णाने स्वतः काय केलं, ते सांग."

तो जरा गोंधळला. खरं सांगायचं तर त्याच्या वयात मीही असाच गोंधळलो असतो. आपल्याकडे "मृत्युंजय" वाचलेला जवळजवळ प्रत्येक मुलगा काही दिवस कर्ण होऊन फिरतो. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली आणि अजून घराघरात वाचली जाते. नऊ भाग आहेत आणि त्यात सहा जण बोलतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. प्रत्येक जण "मी" म्हणून बोलतो. माणूस स्वतःच्या तोंडून स्वतःची गोष्ट सांगायला लागला की ऐकणारा आपोआप त्याच्या बाजूला जातो. त्याचा राग, त्याचा अपमान, त्याची कारणं सगळी आतून दिसतात. ही कादंबरीची ताकद आहे, तिचा दोष नाही.

पण एक लक्षात ठेवू या. कादंबरीतला कर्ण सावंतांच्या कल्पनेतून आलेला आहे, आणि त्याच्या मागे व्यासांचा कर्ण उभा आहे. व्यास बऱ्याच वेळा पात्राला बाहेरून दाखवतात. तो काय बोलला, काय केलं, कोणाच्या बाजूला उभा राहिला, बस.

आमच्या कामात याला एक सोपं उदाहरण आहे. कोडमध्ये बदल केला की आपण त्याच्यासोबत दोन ओळींचा कमिट मेसेज लिहितो, म्हणजे मी काय केलं याचं माझ्या शब्दांतलं वर्णन. आणि एक असतो डिफ, म्हणजे प्रत्यक्षात कुठली ओळ गेली आणि कुठली आली. मेसेजमध्ये कोणी "किरकोळ दुरुस्ती" लिहितं आणि डिफ उघडला की चाळीस फाइली बदललेल्या असतात. पात्र समजून घ्यायचं तर त्याचा मेसेज प्रेमाने वाचावा, पण निर्णय डिफ बघून घ्यावा.

मग डिफ कसा वाचायचा? मी वाचताना तीन प्रश्न विचारतो. त्या माणसाला दुसरा पर्याय खरंच होता का? त्याने जे निवडलं त्याची किंमत कोणी मोजली? आणि कोणी बघत नसतं तरी त्याने तेच केलं असतं का?

यातला मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, असं मला आता वाटतं.

कर्णापासून सुरू करू. सूतपुत्र म्हणून हिणवलं गेलं, आईने नदीत सोडलं, यात त्याला पर्यायच नव्हता. हे त्याचं दुःख आहे. त्यावरून त्याचा स्वभाव कळत नाही. स्वभाव कळतो तो पुढे, जिथे पर्याय होता तिथे. उद्योगपर्वात श्रीकृष्ण त्याला सांगतात की तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, पांडवांकडे ये, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो. अधिरथ आणि राधेने वाढवलं त्यांना कसं सोडू, दुर्योधनाने भर दिवसा साथ दिली त्याला कसं फसवू? वर कृष्णाला विनवतो की हे युधिष्ठिराला सांगू नका, कारण त्याला कळलं तर तो राज्य मला देऊन टाकेल आणि मी ते दुर्योधनाला देईन. इथे पर्याय होता, बक्षीस समोर होतं, आणि किंमत कर्ण स्वतः मोजायला तयार होता. म्हणून हा कर्ण मोठा आहे. मामेभावाचं बरोबर आहे.

पण तोच कर्ण द्यूतसभेत बघा. तिथेही पर्याय होता. गप्प बसता आलं असतं, विरोध करता आला असता. त्याने काय केलं? द्रौपदीला नको ते बोलला आणि तिची वस्त्रं काढून घ्या असंही म्हणाला. त्याच्या आयुष्यभराच्या अपमानाची किंमत त्या दिवशी कोणी मोजली? त्याचा अपमान करणाऱ्यांपैकी कोणीही नाही. भर सभेत ओढून आणलेल्या एका बाईने मोजली. पुढे कृष्णाशी बोलताना तो स्वतःच कबूल करतो की दुर्योधनाला खूश करायला मी पांडवांना जे कडू बोललो त्याचा मला पश्चात्ताप होतो. म्हणजे कर्णाने स्वतःचा डिफ वाचला होता. आपण त्याचे चाहते मात्र तो वाचायला तयार नसतो!

त्याच सभेत एक छोटं पात्र आहे, विकर्ण. दुर्योधनाचा धाकटा भाऊ. भीष्म, द्रोण, कृप सगळे मोठे बसलेले असताना हा उठतो आणि म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. कारणंही देतो, त्यातलं एक असं की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, मग त्याला तिला पणाला लावायचा हक्कच कुठे उरला? सभेत काही जण त्याला दादही देतात. मग कर्ण त्याला गप्प करतो आणि विषय संपतो. अख्ख्या महाभारतात विकर्णाला फार जागा नाही, पुढे तो कौरवांच्याच बाजूने लढून भीमाच्या हातून मरतो. पण ती पाच मिनिटं त्याची आहेत. घरच्यांच्या विरोधात बोलायची किंमत त्याने स्वतः मोजली.

आता युधिष्ठिर. तरुण मंडळी याच्यावर सगळ्यात जास्त चिडतात आणि त्यात काही चूक नाही. जुगारात बायको लावणारा धर्मराज कसला? पण इथे व्यासांनी एक गोष्ट पेरून ठेवली आहे, जी मला अलीकडे पुन्हा वाचताना दिसली आणि मी पुस्तक खाली ठेवून नुसता बसून राहिलो.

द्यूतात भावांना पणाला लावायची वेळ आली तेव्हा युधिष्ठिराने सगळ्यात आधी कोणाला लावलं? नकुलाला. मग सहदेवाला. दोघं माद्रीची मुलं. शकुनीने तेव्हा टोमणाही मारला की माद्रीची मुलं लावलीस, भीम-अर्जुन जास्त लाडके दिसतात. तो टोमणा झोंबला आणि मग अर्जुन, भीम, स्वतः आणि शेवटी द्रौपदी.

आता बारा वर्षं पुढे या. वनवास संपत आलाय. तहानलेले चारही भाऊ एका तळ्याकाठी मरून पडलेत. यक्ष प्रश्न विचारतो, युधिष्ठिर उत्तरं देतो. यक्ष म्हणतो, एकाला जिवंत करतो, सांग कोणाला? पुढे युद्ध आहे, राज्य परत मिळवायचंय. साधा हिशोब केला तर अर्जुन नाहीतर भीम. युधिष्ठिर म्हणतो, नकुल.

यक्षालाही आश्चर्य वाटतं. युधिष्ठिराचं उत्तर साधं आहे: कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक असू दे.

ज्याला सगळ्यात आधी पणाला लावलं, त्यालाच सगळ्यात आधी परत मागितलं. व्यासांनी कुठे म्हटलेलं नाही की बघा, हा माणूस बदलला. त्यांनी फक्त नाव तेच ठेवलं. बारा वर्षांच्या जंगलाने युधिष्ठिराला काय शिकवलं, ते त्या एका नावात आहे. सभेत त्याच्या निवडीची किंमत दुसऱ्यांनी मोजली होती. तळ्याकाठी ती तो स्वतः मोजायला तयार झाला, सख्खे भाऊ आणि राज्याची आशा दोन्ही सोडून. आणि ही परीक्षा आहे, समोरचा यक्ष म्हणजे प्रत्यक्ष धर्म आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

अगदी शेवटी स्वर्गाच्या दारात, सोबत चालत आलेल्या कुत्र्याला सोडून यायला तो नकार देतो. तिथे पणाला काय लागलंय? त्याचा स्वतःचा स्वर्ग. सभेपासून त्या दारापर्यंतचा रस्ता हाच धर्मराजाचा खरा प्रवास आहे, असं मला वाटतं.

हे फक्त राजे-महाराजांच्या गोष्टीत असतं असं नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात "श्यामची आई" लिहिली. त्यातली आई गरीब आहे, कर्जाने पिचलेली आहे, आजारी आहे. पण आपण तिला गरिबीसाठी आठवत नाही. घरात काही नसताना ती श्यामला काय करू देते आणि काय करू देत नाही, यासाठी आठवतो. संकट सगळ्यांवर येतं. त्या संकटाचं बिल आपण कोणाच्या नावावर फाडतो, तिथे माणूस कळतो.

आता घरचं सांगतो.

आमचा भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो. तालुक्यातल्या कुंथलगिरीला दर्शनाला येणारे पेढे घेतल्याशिवाय परतत नाहीत. माझ्या वडिलांची छोटी खव्याची भट्टी होती. आसपासचे लोक दूध घालायचे. आता दूध चांगलं की पातळ, हे बघून कळत नाही. पांढरं ते सगळं सारखंच. कढईत टाकून आटवलं की कळतं. चार-पाच लिटर म्हशीच्या दुधात किलोभर खवा निघाला तर दूध चांगलं. कमी निघाला तर पाणी आटलं आणि तुमचं सरपण गेलं. लहानपणी मला वाटायचं की जाळाने खवा होतो. वडील म्हणायचे, "जाळ काय करतोय? दुधात जे हाय तेच वर येतंय."

२०१६ चा उन्हाळा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्याकडेही तसेच हाल. चारा नाही, पाणी नाही, लोकांनी जनावरं छावण्यांमध्ये नेऊन बांधली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, सुट्टीत चार दिवस घरी आलो होतो.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी, एकट्या, एक म्हैस. रोज दोन-अडीच लिटर दूध घालायच्या. त्या दिवसांत त्यांचं दूध कमी व्हायला हवं होतं, पण होत नव्हतं. वडिलांना कळलं. एका सकाळी त्यांनी बाकीचे लोक गेल्यावर मावशींचं दूध वेगळं आटवलं. खवा निम्म्यापेक्षा थोडा जास्त निघाला. मावशी समोर उभ्या होत्या. कोणी काही बोललं नाही.

वडिलांनी वहीत जेवढा निघाला तेवढाच लिहिला आणि तेवढ्याचेच पैसे दिले. मला वाईट वाटलं. दुष्काळ आहे, बाई एकटी आहे, लिहिले असते थोडे जास्त तर काय बिघडलं असतं? मग मी बघितलं, ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले आणि आमच्या म्हशीसाठी ठेवलेल्या कडब्यातून दहा पेंढ्या काढून मावशींच्या दारात टाकून आले. त्या वर्षी कडब्याच्या पेंढीला काय भाव होता, हे ज्याच्या घरी जनावर होतं त्याला विचारा.

मावशी म्हणाल्या, "आण्णा, वहीत कमी लिवलं आन् हे कशाला?"

वडील म्हणाले, "वहीत खरंच लिवावं लागतंय मावशी. तिथं सगळ्यांचं दूध हाय. ह्यो कडबा माझा हाय."

मला तेव्हा ते वाक्य नीट कळलं नाही. भट्टीचा हिशोब सगळ्या दूध घालणाऱ्यांचा होता. वहीत खोटं लिहून दया दाखवली असती तर तिची किंमत बाकीच्या दहा घरांनी मोजली असती, आणि मोठेपणा मिळाला असता आम्हाला. वडिलांनी खरं लिहिलं आणि दया स्वतःच्या कडब्यातून केली. त्यांनी ना महाभारत पूर्ण वाचलंय ना "मृत्युंजय". पण मधला प्रश्न त्यांना पाठ होता.

हे सांगताना मला स्वतःचंही सांगायला हवं, नाहीतर ही पोस्ट म्हणजे नुसता छान लिहिलेला कमिट मेसेज होईल.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा होता, नोकरीला लागून सहा महिने झालेले. त्याने एक बदल केला, तो तपासून मंजूर करायचं काम माझं होतं. शुक्रवारची संध्याकाळ होती, मी वरवर बघितलं आणि मंजूर केलं. त्या बदलात चूक होती. वीकेंडला ग्राहकांकडे चुकीचे आकडे गेले. सोमवारी मीटिंगमध्ये विचारणा झाली, हा बदल कोणाचा? नाव त्याचं होतं. त्याने ऐकून घेतलं. कोणीतरी जरा लागेल असंही बोललं. मंजुरी कोणी दिली, हे कोणी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. माझा कॅमेरा बंद होता.

पर्याय होता का? होता. "मी तपासलं होतं, माझ्याही नजरेतून सुटलं," एवढं एक वाक्य. मला फार काही झालंही नसतं. किंमत कोणी मोजली? त्याने. कोणी बघत होतं का? नाही, आणि म्हणूनच मी तसा वागलो.

त्या सभेत मी विकर्ण नव्हतो. मान खाली घालून बसलेल्यांपैकी एक होतो. आणि गंमत म्हणजे त्या आठवड्यात मी इथे निर्भयतेवर लिहिलं होतं!

तीन आठवडे गेले. मग एका रात्री यक्षप्रश्नाचा तो भाग वाचताना नकुलाचं नाव आलं आणि पुढे वाचवेना. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना आणि मग सगळ्या टीमला लिहून कळवलं की तपासणी माझी होती आणि ती मी नीट केली नव्हती. त्या मुलाला फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे, झालं ते." आवाज कोरडा होता. त्याने मला मिठी मारावी अशी माझी अपेक्षा का होती, हाही एक विचार करण्यासारखा प्रश्न आहे. वर्षभराने तो दुसरीकडे गेला. आमच्यात पहिल्यासारखं झालं नाही. काही किमती उशिरा मोजल्या की पूर्ण फिटत नाहीत.

पण वाया जात नाहीत, एवढं मी अनुभवाने सांगतो. युधिष्ठिराने सभेत जे केलं ते तळ्याकाठच्या उत्तराने पुसलं गेलं नाही. द्रौपदी ते विसरली नाही, आणि विसरावं अशी अपेक्षाही कोणी करू नये. तरी तळ्याकाठी निवड पुन्हा आलीच आणि या वेळी त्याने वेगळं ठरवलं.

म्हणून मला आता तो १८.६३ चा श्लोक विचित्र वाटत नाही. भगवंतांनी आज्ञा केली असती तर अर्जुन लढला असता, पण ते आज्ञापालन झालं असतं. अर्जुन कोण आहे, हे कळलं नसतं. ज्ञान देवाने दिलं, जाळ कुरुक्षेत्राचा होता, पण कढईत जे होतं ते अर्जुनाचंच वर यायला हवं होतं. दहा श्लोकांनंतर अर्जुन स्वतःच्या तोंडाने सांगतो की माझा संशय गेला, तुम्ही सांगता तसं करीन. ते "करीन" त्याचं स्वतःचं आहे.

मामेभावाला मी निघताना एवढंच म्हणालो की कर्ण आवडू दे, खुशाल आवडू दे. फक्त तुला कुठला कर्ण व्हायचंय ते ठरव, कृष्णाला नाही म्हणणारा की सभेत बोलणारा. दोघांचं नाव एकच आहे. तो म्हणाला, "दादा, आता पुन्हा वाचावी लागंल." वाच म्हटलं.

आजचा अभ्यास छोटा आहे. तुम्हाला आवडणारं एक पात्र घ्या, पुराणातलं, कादंबरीतलं, सिनेमातलं, कुठलंही. त्याच्या आयुष्यातला एकच प्रसंग निवडा आणि ते तीन प्रश्न विचारा. मग झोपायच्या आधी आजच्या दिवसातला स्वतःचा एक प्रसंग घ्या आणि फक्त मधला प्रश्न विचारा: किंमत कोणी मोजली? उत्तरात दुसऱ्याचं नाव आलं तर घाबरू नका. उद्या सकाळी त्या माणसाला फोन करा.

राम कृष्ण हरी.